तुळशीदास धुरीच्या बायकोचे दात

घाटकोपरच्या भटवाडीत तुळशीदास धुरीचं घर विचारलंत तर दोन माणसं डोकं खाजवतील. पण 'दातवाला' म्हणालात की नाक्यावरचा पानवालाही हात करून चाळ दाखवील. आता दातवाला म्हणजे डॉक्टर नव्हे बरं का. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतात, ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून ज्याच्याकडे येतं आणि ज्याच्या हातचे दात घालून लोक लग्नकार्याला मिरवतात, तो हा माणूस. स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत दादू मेस्त्रींची दातांची लॅब होती. लॅब हा शब्द मोठा, खोली लहान. एका बाजूला पॉलिशचं बफाचं मशीन घुरघुरायचं, दुसरीकडे स्टोव्हवर पाणी उकळत असायचं, आणि मधल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने सुकत पडलेले. तुळशीदासचा बाप गिरणीत होता, संपात घरी बसला तो बसलाच. त्याआधीच कधीतरी पोराला त्याने दादूंच्या हवाली केलं होतं. दादू त्यांच्याच गावचे, मालवणकडचे.

तुळशीदासने हजारो माणसांचे दात पाहिले होते, पण तोंड एकाचंही नाही. त्याच्यापर्यंत यायचं ते प्लास्टर. त्यामुळे माणूस ओळखायची त्याची रीतच वेगळी. बाजारात कोणी भाजीवर घासाघीस करत असला की हा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मग बायकोच्या कानात सांगायचा, "वरचे चार माझे. डाव्या बाजूचा जरा उंच झालाय, डॉक्टरने नीट बसवला नाही." दोष नेहमी डॉक्टरचा. माझं काम आणि त्यांचं नाव, हा त्याचा जुना सल होता, आणि तो तंबाखूच्या गोळीसारखा त्याने गालात धरून ठेवला होता.

बायको सुगंधा. सहकारी भांडारात काउंटरवर बसायची. हिशेबाला पक्की, बोलायला तिखट, आणि हसायला लागली की थांबायची नाही. पण तिच्या पुढच्या दातांचं काही जमलेलं नव्हतं. मधल्या दोन दातांत चांगली फट. त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला. लहानपणी कुर्लीचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, दाताने फोडायला गेली होती. आणि त्याच्या बाजूचा दात जन्मापासूनच बारीक, जुईच्या कळीसारखा टोकदार. दातांना कीडबीड लागलेली नव्हती, लोखंडासारखे मजबूत होते. पण ते जरा कोणाला दिसतील अशी वेळ आली की सुगंधाचा पदर तोंडावर जायचा. भांडारात, लग्नात, हळदीकुंकवाला, सगळीकडे. एवढी बोलकी बाई, पण हसायची ती पदराआडून.

घरात मात्र तसं नव्हतं. दार लोटलेलं असलं, तुळशीदास जेवायला बसला असला आणि ती भांडारातल्या कुठल्या गिऱ्हाइकाची नक्कल करायला लागली, की ती तोंड उघडं टाकून हसायची. फट, कोपरा, जुईची कळी, सगळं दिसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा ती तशी हसली तेव्हा तुळशीदासच्या लक्षात आलं होतं की हे दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. तेव्हापासून ते हसू त्याने आपल्या मालकीचं धरलं. बोलला नाही कधी. कोणी बोलत नाही अशा गोष्टी. पण भांडारात एखादं गिऱ्हाईक गमती करतंय असं कळलं की तो आधी विचारायचा, "मग तू हसलीस?"

"हसले की. पदर लावून."

एवढं ऐकलं की त्याला जेवण गोड लागायचं.

हे सगळं बिघडलं ते सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात. सुगंधाच्या भावाचं लग्न मुलुंडला झालं आणि भावाने हौसेने व्हिडिओ शूटिंग केलं. तेव्हा ते नवीन होतं. कॅसेट हातात आल्यावर भाड्याने व्हीसीआर आणला, अख्खा मजला सुगंधाच्या खोलीत दाटीवाटीने बसला, आणि लग्न पुन्हा लागलं. नवरा दिसला, नवरी दिसली, पंगत दिसली. आणि दर थोड्या वेळाने सुगंधा दिसली, तोंडाला पदर दाबून. हळदीत पदर, मंगलाष्टकांत पदर, पंगतीत वाढताना एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पदर.

शेजारच्या अंजनाबाईंना राहवेना. "काय गं सुगंधा, भावाच्या लग्नात तुला उलट्या होत होत्या काय?"

खोलीत हशा फुटला. सुगंधाही हसली आणि सवयीने पदर तोंडावर गेला. मग तर पोरं जमिनीवर लोळायला लागली. "बघा, बघा! परत!"

सगळे गेल्यावर सुगंधाने खोली झाडली, चटया गुंडाळल्या, आणि केरसुणी हातात तशीच धरून म्हणाली, "अहो, मला दात करून घ्यायचेत."

"तुझ्या दातांना काय झालंय?"

"काय झालंय ते आत्ता टीव्हीवर अर्ध्या चाळीने बघितलं. दुनियेचे दात करता, माझेच राहिले काय?"

तुळशीदासला आधी बरंच वाटलं. बायकोला आपल्या कामाची किंमत कळली म्हणायची. पण दुसऱ्याच क्षणी पुढचं दिसलं. दात सुधारले की पदर सुटणार. पदर सुटला की ते हसू भांडारात, बाजारात, जिन्यात, सगळीकडे सांडणार. तो म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "बघू नाही. या आठवड्यात."

त्या वेळी दादूंच्या लॅबला ज्यांची कामं यायची त्यांत डॉक्टर रामनाथ केणी नवीन होते. तरुण, हुशार, बोलायला मोकळे. पंतनगरात दवाखाना टाकला होता आणि कर्ज काढून नवं लाइटचं मशीन घेतलं होतं. तुळशीदास सुगंधाला त्यांच्याकडेच घेऊन गेला, कारण ओळखीचे, आणि मापं नीट घेतात.

सुगंधा खुर्चीत बसली. तुळशीदास बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी आरसा फिरवून दात बघितले, हिरड्या दाबून बघितल्या, आणि मग आरसा बाजूला ठेवून म्हणाले, "वहिनी, आता हसा बघू."

सुगंधाने ओठ ताणून दात दाखवले.

"हे हसणं नाही, हे दात दाखवणं झालं. खरं हसा. हसताना ओठ किती वर जातो ते मला बघायचंय, त्यावर सगळं ठरतं."

"असं उगीच कसं हसू?" सुगंधा म्हणाली. पदर शोधायला हात गेला, पण पदरावर डॉक्टरांनी कागदाचा रुमाल अडकवला होता.

"उगीच कशाला? धुरी दुसऱ्याच्या कामाला कसे नावं ठेवतात ते करून दाखवा. घरी ऐकवत असतीलच."

"'वरचे चार माझे'," सुगंधा तुळशीदासच्या आवाजात म्हणाली, "'वाट लावली ती डॉक्टरने!'"

डॉक्टर खो खो हसले. आणि सुगंधाही हसली. पदराशिवाय. फट, कोपरा, जुईची कळी, सगळं. वर दिवा होता, खुर्ची मागे कललेली होती, आणि एक परका तरुण माणूस वाकून ते हसू बघत होता आणि म्हणत होता, "हां, अस्सं. आता कळलं."

आयुष्यभर जपलेली वस्तू एखाद्या पाहुण्याने सहज फळीवरून उचलून हातात फिरवावी, तसं झालं तुळशीदासला.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. तीन रस्ते आहेत म्हणाले. पहिला तारेचा. दातांना तार बांधायची, दीडेक वर्षात फट मिटेल, पण बारीक दात बारीकच राहील आणि कोपरा उडालेला तसाच. दुसरा कॅपचा. दात चारही बाजूंनी घासून त्याचा खुंट करायचा आणि त्यावर टोपी बसवायची. ती धुरी बनवतील. तिसरा लाइटचा. दात घासायचा नाही, नुसता वरून जरा खरखरीत करायचा, त्यावर दाताच्या रंगाचा मसाला थराथराने चढवायचा, हवा तसा आकार द्यायचा आणि निळ्या उजेडाने कडक करायचा. "एका बैठकीत फट, कोपरा आणि बारीक दात, तिन्ही कामं होतात. थोडी वर्षं गेली की रंग उतरेल, एखादा टवका उडेल. कुर्लीचे डेंगे मात्र आता बत्त्याने फोडायचे. पण बिघडलं तर पुन्हा करता येतं. तुमचे दात चांगले आहेत, वहिनी. मी तर लाइटचंच म्हणेन. तरी घरी जा, धुरींशी बोला. ते याच धंद्यातले आहेत."

वाटेत सुगंधा खुशीत होती. "डॉक्टर किती छान समजावून सांगतात, नाही? आणि हसवतात किती!"

"दात काढायचाच धंदा त्यांचा," तुळशीदास म्हणाला.

घरी आल्यावर तिने भाकऱ्या थापता थापता विचारलं, "मग तुमचं काय म्हणणं? लाइट का कॅप?"

तुळशीदासला उत्तर ठाऊक होतं. कोणत्याही गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं: चांगल्या दाताला हात लावू नका, लाइटचं करून घ्या. पण लाइटचं म्हणजे सगळं केणी डॉक्टरच करणार. तासभर तिच्या तोंडावर वाकून बसणार. तिचा दात कसा असावा हे तो ठरवणार, त्याच्या बोटांनी तो दात घडणार. आणि मग जन्मभर ती हसेल तेव्हा हसण्यात तो असणार. कॅप म्हणजे निदान आपल्या हातचं काम.

"लाइटचं काही खरं नाही," तो म्हणाला. "फॅशन आहे नवीन. मशीन घेतलंय, त्याचे पैसे वसूल करायला नकोत? मसाला तो मसालाच. चहाने पिवळा पडतो."

"आणि कॅप नाही पडत?"

पडते. अ‍ॅक्रिलिकची कॅप तर आधी पिवळी पडते, झिजते, हिरडीशी काळी होते. त्याने स्वतः किती बदलून दिल्या होत्या. "चांगली घडवली तर नाही पडत," तो म्हणाला.

"पण घासायचं म्हणाले ना ते. खुंट करतात म्हणाले. किती घासतात हो?"

"थोडंसं. वरचं साल काढल्यासारखं. इंजेक्शन देतात, कळतसुद्धा नाही."

सुगंधाने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. या माणसाने दातांच्या बाबतीत आपल्याला फसवावं असं काही कारण तिला दिसलं नाही. "बरं तर. कॅप. डॉक्टर काय, आज हा उद्या तो. तुमच्या हातचे दात माझ्या तोंडात, तेच बरं."

त्याला एकदम आनंद झाला आणि त्या आनंदाला कुठेतरी घाण वास आला. तो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सुगंधाने सगळ्यांना सांगितलं, "आमच्या ह्यांच्या हातचे दात बसवतेय मी." अंजनाबाई म्हणाल्या, "नशीब लागतं बाई. आमचा नवरा वेल्डर, मी काय बसवू?"

कॅपचं ऐकून केणी डॉक्टर जरा थबकले. "धुरी, किती घासावं लागतं ते सांगितलंत ना वहिनींना?"

"सांगितलंय."

"तुमची बायको, तुमचं काम. मी काय बोलणार? ठीक आहे, आज माप घेतो. येत्या शनिवारी दात घासू. घासल्यावर लगेच घालायला तात्पुरत्या टोप्या लागतील, त्या आधी तयार करून आणा."

माप घेताना तुळशीदास मुद्दामच बाहेर बसला. आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं, आणि ते दिसण्याहून वाईट. "मोठा आ करा... नाकाने श्वास घ्या... ओठ सैल सोडा, मी धरतो." मग डॉक्टर हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मापाचा गोळा तोंडात असूनही सुगंधा नाकातून फुसफुसून हसली. तुळशीदासने समोरचं मासिक उचललं, ते उलटं होतं, त्याने तसंच धरलं.

माप ओल्या फडक्यात घेऊन तो लॅबमध्ये आला. प्लास्टर कालवलं, ओतलं, सुकवलं, सोडवलं. फळीवर त्याच्या बायकोचा जबडा आला. पांढरा, गार. कोपरा उडालेला दात होता, जुईची कळी होती, फट होती.

दादू मेस्त्री चष्मा कपाळावर सरकवून जवळ आले. "ह्यां कोणाचां रे? दात तर बरे आसत."

"माझ्या बायकोचं."

"मगे? कॅप? ह्येंका कशाक घासूचे? तुजी बायल तोंडार पडली काय?"

"तिलाच हवंय," तुळशीदास म्हणाला.

दादूंनी चष्मा खाली घेतला आणि ते हातातल्या कवळीला पॉलिश करायला गेले.

आता कामाची रीत अशी. तात्पुरती टोपी करायची तर डॉक्टर तोंडात जसे दात घासणार तसे कारागिराने प्लास्टरवर आधी घासायचे, आणि त्या खुंटांवर मेणाचे दात घडवायचे. तुळशीदासने हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालायचा. त्याने चाकू घेतला. उडालेला कोपरा एका फटक्यात गेला. मग दाताच्या बाजू, मग पुढचा भाग, मग मागचा. प्लास्टरचा भुगा मांडीवर पडत होता, तो फुंकून टाकत होता. जुईच्या कळीला तर घासायला जागाच नव्हती. दोनतीन वेळा चाकू फिरवला आणि काडी उरली. हे थोडंसं नव्हतं, साल नव्हतं. पण प्लास्टरवर काम करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. बिघडलं की दुसरं ओतायचं.

मग त्याने मेण गरम केलं आणि दात घडवायला बसला. बाहेर गल्लीत चहावाल्याची ओरड चालली होती, बफाचं मशीन घुरघुरत होतं. तुळशीदासला कशाचं भान नव्हतं. एवढं मन लावून त्याने क्वचितच काम केलं असेल. मेणाचा थेंब, चाकूची पात, पुन्हा थेंब. केण्याने पाहिलं ते तिथेच राहिलं, यापुढे तिच्या तोंडात माझे दात असतील, माझ्या डोळ्यांना दिसतात तसे. असं मनाशी घोकत तो घडवत राहिला, आणि संपल्यावर जबडा उजेडात धरून बघितला. झकास झालं होतं. अगदी जिवंत.

दादूंनी मागून हात पुढे करून जबडा घेतला. फिरवून बघितला. मग आपल्या जुन्या डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखं पुन्हा बघितला.

"तुळशा."

"काय?"

"मेल्या, ह्ये तर पयलेच दात!"

तुळशीदासने पाहिलं. मधे फट होती. एका दाताचा कोपरा उडालेला होता, अगदी तसाच तिरपा. बाजूला जुईची कळी, टोकासकट. त्याने बायकोचे चांगले दात चाकूने कापून काढले होते आणि त्यांच्या जागी मेणाचे तेच दात पुन्हा बसवले होते.

"पयलेच दात व्हये होते, तर घासूचे कशाक?" दादू म्हणाले. "आसत ते काय वायट आसत?" ते हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला आला. मग तुळशीदासचा चेहरा बघून खोकलाही थांबवला. "काय झाला रे?"

"काही नाही."

"काय नाय कसां? बायलेन सांगल्यान कॅप करूक, का तू?"

तुळशीदासने नखाने मेण खरवडून काढलं. खाली खुंट होते, तासलेल्या पेन्सिलीसारखे, आणि एक काडी. शनिवारी केणी डॉक्टर हेच सुगंधाच्या तोंडात करणार होते, आणि सुगंधाला वाटत होतं की साल निघणार आहे. त्याने नुसत्या जबड्याकडे पाहिलं. हा जबडा हसला असता तर? घाईघाईने त्याने तो पालथा ठेवला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुगंधा तांदूळ निवडत होती. त्याने तिच्यासमोर बसून पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून जबडा काढला आणि तिच्या सुपाच्या कडेला ठेवला.

"हे कोणाचं?"

"तुझं. शनिवारी असे होणार."

तिने आधी हसून बघितलं, मग हसू गेलं. खुंटावर बोट फिरवलं. काडीवर फिरवलं. आपल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. "तुम्ही थोडंसं म्हणाला होता."

"हो."

"हे थोडंसं आहे?"

"नाही."

"मग ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं. लाइटचंच बरं. डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं."

सुगंधाने सूप खाली ठेवलं. "मग खोटं कशाला बोललात?"

तुळशीदास जमिनीकडे बघत म्हणाला, "लाइटचं केलं की सगळं तोच करणार. तू त्याच्यासमोर हसलीस."

"कोणासमोर?"

"केणीसमोर. पदर न लावता."

तिला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि समजलं ते पुन्हा एकदा तपासून बघावं तसं ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या पोटात दुखतंय, म्हणून माझे दात कापायचे?"

त्याने मान हलवली. हो का नाही ते कळलं नाही.

"डॉक्टरांनी हसा म्हटलं म्हणून हसले. आणि नक्कल कोणाची केली? तुमची! तुमच्यावर हसले मी, तेही तुम्हाला सहन झालं नाही?" तिचा आवाज चढला. बाहेर गॅलरीत अंजनाबाईंची बादली वाजायची थांबली. "मी नळावर सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या ह्यांच्या हातचे दात! ह्यांच्या हातचे! शरम वाटते मला!"

"म्हणून तर सांगायला आलो—"

"उपकार झाले! शनिवारी मी एकटी जाईन आणि लाइटचंच करून घेईन. तुम्ही यायचं नाही. दवाखान्याच्या गल्लीतसुद्धा दिसायचं नाही."

त्यानंतर शनिवारपर्यंत घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. जेवायला या. पाणी गेलं. रॉकेल संपलं.

शनिवारी तुळशीदास लॅबमध्ये बसला, पण काम होईना. डॉक्टर आता काय करत असतील ते त्याला पायरीपायरीने ठाऊक होतं, हीच पंचाईत. आता ओठ धरला असेल. आता पहिला थर. आता तो निळा उजेड, आणि तिने डोळे मिटले असतील. आता, "वहिनी, हसा बघू." त्याच्या हातून एका कवळीचा दात उलटा बसला. दादूंनी तो काढून टाकला आणि म्हणाले, "जा घराक. गिऱ्हाइकाची तोंडां वाकडी करशीत."

चाळीचा जिना चढतानाच त्याला ऐकू आलं. वरच्या गॅलरीत बायकांचा घोळका होता, मधे सुगंधा. अंजनाबाई तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवत होत्या. "वळ गं, वळ. आई शप्पथ, कुठून कुठे जोडलंय काही कळतच नाही! आता परत लग्न लावा तुझ्या भावाचं, शूटिंग नवीन करायला पाहिजे!" आणि सुगंधा हसली. मोकळी, भरदिवसा, सगळ्या मजल्याला दिसेल अशी. खाली पटांगणात क्रिकेट खेळणारी पोरंही वर बघायला लागली. तुळशीदास जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून बघत होता. ज्याची भीती होती ते हेच. समोर घडत होतं, आणि सुंदर दिसत होतं, त्याचाच राग जास्त येत होता.

तिने त्याला पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं.

बायका पांगल्या. तो आत आला, हातपाय धुतले. ती पाठमोरी राहून सारात कोकम टाकत होती.

"बघू?" त्याने विचारलं.

"कशाला? खोट काढायला?"

"बघू तर दे."

ती वळली. त्याने तिला बल्बखाली घेतलं. तोंड उघडायला सांगितलं नाही, तिनेच ओठ उचलला. फट मिटली होती. कोपरा भरला होता. जुईची कळी राहिली नव्हती, तिथे एक नीटस दात होता, बाजूच्याचा भाऊ शोभेल असा. तुळशीदासने डोळे बारीक केले, सवयीप्रमाणे उंची बघितली, कड बघितली, रंग बघितला. हिरडीजवळ नख फिरवलं.

"इथे पॉलिश जरा राहिलंय," तो म्हणाला.

"झालं? सापडली? आता बसा जेवायला."

तो बसला नाही. "काम चांगलं आहे," तो म्हणाला. "मला असं जमलं नसतं."

सुगंधाने ओगराळं भांड्यात ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "हे तुम्ही डॉक्टरांना सांगाल?"

"त्याला कशाला सांगायचं?"

"बघा. अजून दुखतंयच."

"दुखतंय," तो म्हणाला. लपवून आता काही उपयोग नव्हता. "तू गॅलरीत हसत होतीस तेव्हापण दुखलं. आता भांडारात हसशील, बाजारात हसशील, तेव्हाही दुखेल. मी काय करू?"

"पॉलिशसाठी पुन्हा बोलावलंय डॉक्टरांनी. या बरोबर. पण बाहेर बसायचं."

"बसेन."

"आणि आतून माझ्या हसण्याचा आवाज आला तर?"

तुळशीदासने विचार केला. येईल म्हणजे नक्की येईल, तो केणी गप्प बसणारा माणूसच नव्हे. "आला तर बसून राहीन," तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही परत."

सुगंधाने पाट मांडला, भात वाढला, त्यावर सार घातलं. मग स्वतःचं ताट घेऊन, कालपर्यंत बसायची तशी भिंतीकडे तोंड करून नाही, तर त्याच्यासमोर बसली. पहिला घास तिने जपून, नव्या दातांना न लावता, बाजूच्या दाढेने चावला.